अपडेटची स्क्रिप्ट: नवख्यांसाठी आणि जाणकारांसाठी

प्रश्न: आमच्या वाचनालयातील उबुंटू (लिनक्सवर आधारित प्रणाली) संगणकांसाठी मी अपडेटची स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल, लिहिली आहे. नवखे कर्मचारी तिच्या प्रश्नांनी गोंधळतात, तर जाणकारांना अधिक नियंत्रण हवे असते. दोन स्क्रिप्ट लिहाव्यात का?

उत्तर: कृपया लिहू नका, एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत हमखास राहून जाते. स्क्रिप्ट एकच ठेवावी आणि कोणताही पर्याय न देता चालवली, तर तिने सर्वांत सुरक्षित मार्ग धरावा. खरी अडचण सेटिंगच्या फायलींची असते: कोणी हाताने बदललेल्या फाइलची नवी आवृत्ती पॅकेजसोबत (सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यासोबत) आली, की ही पॅकेजे बसवणारी आज्ञा डीपीकेजी थांबून कोणती फाइल ठेवायची ते विचारते आणि नवखा माणूस घाबरून काहीतरी दाबून मोकळा होतो. तिथे जुनी फाइल कायम ठेवण्याचे उत्तर स्क्रिप्टनेच द्यावे, मात्र नवी फाइल शेजारी ठेवल्याचे शेवटी साध्या मराठीत सांगावे. जाणकारांसाठी हीच विचारणा पुन्हा चालू करणारा एक पर्याय आणि काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणारा दुसरा, एवढे पुरे. अशा रंगीत तालमीची सोय एपीटी या अपडेट आणणाऱ्या साधनामध्ये आधीपासूनच आहे. अपडेट फसल्यास स्क्रिप्टने शून्याखेरीज एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा; शून्य म्हणजे यश) परत करावा, कारण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) ती चालते तेव्हा पडद्यावरचे संदेश वाचायला समोर कोणी नसते.