प्लिमथचा दगड आणि कागदाची पिसे

अमेरिकेतील धर्म आणि सार्वजनिक स्मृती या विषयावर पीएचडी करण्यासाठी पती आणि लहान मुलगी यांच्यासह जावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा आणि शिष्यवृत्तीचे नियम सर्वत्र मिळतात, म्हणून ते सोडून देते. एफ-२ व्हिसावर येणाऱ्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही, हेही आम्ही वाचले होते. त्याचा अर्थ मात्र पहिल्या हिवाळ्यात कळला.

माझा विषय मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ. तेथे समुद्रकाठी १६२० हे साल कोरलेला एक दगड आहे आणि पिलग्रिमांनी, म्हणजे त्या साली इंग्लंडहून येऊन येथे वसलेल्या धर्मनिष्ठ लोकांनी, पहिले पाऊल त्यावर ठेवले, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या स्वतःच्या लिखाणात त्या दगडाचा उल्लेखही नाही. १७४१ मध्ये, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षांनी, एका अतिवृद्ध गृहस्थाने तो दाखवला आणि पुढे त्याचे तीर्थ झाले. १९७० मध्ये तेथील मूळ रहिवासी असलेल्या वाम्पानोआग समाजाचे फ्रँक जेम्स यांना पिलग्रिमांच्या आगमनाच्या ३५० व्या वर्धापनदिनी बोलण्यास बोलावले होते, परंतु भाषणाचा मजकूर आधी पाहून संयोजकांनी तो नाकारला. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे पिलग्रिमांच्या आठवणीशी जोडलेल्या नोव्हेंबरमधील सणाच्या दिवशी शेजारच्याच कोल्स हिलवर मूळ रहिवासी शोकदिन पाळतात.

येथे मुलाखती घ्यायच्या तर विद्यापीठाच्या समितीची मान्यता लागते. माझा अर्ज संमतिपत्रातील शब्दांवरून तीनदा परत आला, आणि अखेर तो कागद पुढे केला तेव्हा चर्चमधील एका आजींनी, ‘माझ्या शब्दावर विश्वास नाही का?’ असे विचारून चहाचा कप बाजूला ठेवला. ते वर्ष वाया गेले असे मी अजूनही मानते.

मुलीच्या शाळेचे मात्र सांगितलेच पाहिजे. ती दुसरीत असताना थँक्सगिव्हिंगच्या कार्यक्रमात काही मुलांना पिलग्रिमांच्या काळ्या टोप्या दिल्या आणि हिला, ‘तू तर इंडियनच आहेस’ असे म्हणून बाईंनी मूळ रहिवाशांसारखी कागदाची पिसे लावली. घरी येऊन तिने विचारले, ‘आई, आपण इथे आधीपासून होतो का?’ तिचे वडील शाळेत जाऊन बोलणार होते. मी त्यांना थांबवले आणि त्या रात्री तो प्रसंग तारखेसह टिपणवहीत लिहिला. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्यानेच होते. परीक्षकांना ती फार आवडली.

एकटेपणाचा बाऊ करू नका. फारच झाले तर न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीला जाऊन या. पुण्यात वारलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी तेथे, त्यांना अमेरिकेत आपल्या घरी ठेवणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. मी दोनदा गेले.

मुलीला बरोबर आणाल, तर नोव्हेंबरमध्ये शाळेत काय चालते ते आधी विचारा, आणि विचारताना संशोधक म्हणून विचारू नका. माझी आता अकरावीत आहे आणि परवा तिने प्रबंध वाचायला मागितला. तिसरे प्रकरण सोडून बाकीचे तिला पाठवले आहेत.