कागद, डिंक, कात्री : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बारावीत आहे. दोन वर्षांपासून रोज वही लिहिते, पानं चित्रांनी सजवते. बाजारातले स्टिकर महाग पडतात आणि सगळ्या मैत्रिणींच्या वह्यांत तेच मांजर, तोच कॉफीचा कप. म्हणून स्वतः चित्रं काढली, कापली आणि पांढऱ्या गमने चिकटवली. पान सुरकुतलं आणि मागच्या बाजूची शाईही फुटली. घरी प्रिंटर नाही. घरच्या घरी स्टिकर होतील का?
— विद्यार्थिनी, चिपळूण

होतील, आणि तुझी चित्रं त्या मांजरापेक्षा चांगली दिसतील. पान सुरकुतलं ते पाण्यामुळे. पांढऱ्या गममध्ये पाणी भरपूर असतं. कागदाचे तंतू ते पिऊन फुगतात आणि वाळताना सगळीकडे सारखे आकसत नाहीत. म्हणून गम आधी कागदाच्या मागे लावून पूर्ण वाळवायचा आणि चिकटवताना नावापुरतं पाणी लावायचं. टपालाचं तिकीट असंच बनतं. मी नाशिक रोडची. आमच्याकडे १९२६पासून टपाल तिकिटं छापली जातात. लहानपणी वडिलांची पत्रं मीच टाकायला जायचे, त्यामुळे तिकिटावरून जीभ फिरवल्यावर येणारी ती गुळमट चव अजून आठवते.

काष्ठौषधींच्या दुकानात बाभळीचा डिंक माग. नाव घेऊनच माग, कारण नुसतं ‘डिंक’ म्हटलं तर दुकानदार हाताला येईल तो देतो. कतीरा तर घेऊच नकोस. तो पाण्यात फुगून जेलीसारखा होतो, विरघळत नाही. दोन चमचे डिंक कुटून चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर ठेव. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळ, म्हणजे सालीचे तुकडे निघून जातील. त्यात अर्धा चमचा साखर विरघळव. साखरेविना वाळलेला थर ठिसूळ होतो आणि कागद वाकवला की तडकतो. लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातलेस तर बुरशी लवकर धरणार नाही. तरीही बाटली फ्रिजमध्येच ठेव आणि आठवड्यात संपव.

आता क्रम नीट पाळ. आधी चित्रं काढायची, मग पूर्ण कागदाला मागून डिंक लावायचा आणि शेवटी कापायचं. कापलेल्या तुकड्यांना ब्रशने डिंक लावायला गेलीस तर कडेने तो पुढच्या बाजूला येतो. कागद शंभर जीएसएमच्या (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा घे. साधा झेरॉक्सचा कागद पातळ पडतो, गुंडाळीच होते. रंग खडूचे किंवा रंगीत पेन्सिलीचे चालतील, स्केचपेन मात्र ओल लागली की पसरतं. पहिला हात आडवा मार, वाळू दे, मग दुसरा उभा. दोन्ही थर पातळ हवेत, इथे घाई करू नकोस.

वाळला की कागद डिंकाच्या बाजूला वळेल. घाबरू नकोस. टेबलाच्या कडेवरून तो उलट्या दिशेने हलकेच ओढ, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. डिंकाचा सलग थर बारीक बारीक मोडतो आणि कागद सपाट बसतो. तिकिटांच्या कागदावरही पूर्वी हाच उपाय करत. मग बटर पेपरमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेव.

तुझ्याकडे अडचण आहे ती पावसाळ्याची. चिपळूणच्या हवेत डिंकाचे स्टिकर एकमेकांना चिकटून त्यांचा ठोकळा होतो. प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घाल, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेव आणि बुटांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी त्यात टाक. जून ते सप्टेंबर हा खटाटोप नको असेल तर सरळ डबल टेप वापर. चित्राच्या मागे पूर्ण टेप लाव, मग आकार काप, वरचा कागद लागेल तेव्हाच सोल. याहून सोपा स्टिकर नाही.

प्रिंटर नसल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, झेरॉक्सच्या दुकानाने काम भागतं. माझी सगळ्यात आवडती रीत तीच आहे. आजीच्या हातची पाककृती, आजोबांचं पोस्टकार्ड, तू पहिलीत गिरवलेला ‘ग’, घरातलं असं काही शोध आणि झेरॉक्स काढ. अक्षरांवर रुंद पारदर्शक टेप लाव आणि चमच्याच्या पाठीने जोर देऊन घास. तुकडा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेव, मग मागचा कागद बोटाने चोळून काढ. कागद लगदा होऊन निघतो, अक्षरं टेपवर राहतात, कारण झेरॉक्सची काळी पूड म्हणजे प्लॅस्टिकच असतं, उष्णतेने वितळवून बसवलेलं. पाण्याचं त्यावर काही चालत नाही. रंगीत हवं असेल तर दुकानदाराला लेझर प्रिंटच सांग. इंकजेटची शाई धुऊन जाईल. टेप वाळली की चिकटपणा परत येतो आणि पांढरा भाग पारदर्शक झालेला असतो. आजीचं अक्षर थेट तुझ्या पानावर उमटल्यासारखं दिसतं. माझ्या आईने लिहिलेली अनारशांची कृती मी अशीच उतरवली, तेव्हा ती वही मिटवून ठेवायला हात होईना.

प्रश्न : माझ्या कॉलेजच्या वहीतल्या सेलोटेपखाली पिवळे डाग पडलेत. नवीन वहीचंही असंच होईल का?
— गृहिणी, ठाणे

जुन्या टेपच्या चिकाचा आधार रबराचा असे. हवा लागून तो पिवळा, मग तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. ॲक्रिलिक चिकाची टेप एवढी पिवळी पडत नाही, ती विचारून घ्या. जुनी टेप ओढू नका, सोबत कागद येईल. वर्तमानपत्राचं कात्रण लावायचं असेल तर चांगल्या कागदावर त्याची झेरॉक्स लावा. वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन, म्हणजे लाकडातून आलेला एक घटक, उन्हाने, हवेने पिवळं पडतंच आणि शेजारचं पानही डागाळतं.

प्रश्न : मुलगी लातूरला दिल्यापासून मी एसटीची सगळी तिकिटं जपून ठेवतो. नातवासाठी वही करायची आहे. पण मशीनमधली तिकिटं कोरी पडत चालली. चार तिकिटं लॅमिनेट करून आणली तर काळी ठिक्कर झाली.
— निवृत्त शिक्षक, सांगली

सर, वाचून फार वाईट वाटलं. त्या तिकिटांत शाई नसते. कागदावरच रसायनाचा थर असतो, मशीन त्याला ऊब देतं आणि तेवढा भाग काळा होतो. लॅमिनेशनच्या उष्णतेने सगळाच काळा झाला. ती चार परत येणार नाहीत, बाकीची मात्र वाचवता येतील. आजच सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. जी पुसट आहेत त्यांचा मोबाइलवर फोटो घ्या, त्यातला काळा-पांढरा फरक वाढवा आणि मग लेझर प्रिंट काढा. पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारा आकडाही त्यात उमटतो. वहीत या प्रतीच लावा, मागून डबल टेप.

मूळ तिकिटं उन्हापासून आणि प्लॅस्टिकच्या पाकिटापासून दूर, साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा. त्यांना टेप किंवा गम लावू नका. कंडक्टर चिमट्याने भोक पाडून देत ती जुनी छापील तिकिटं असतील तर ती निर्धास्त चिकटवा, ती शाईची आहेत. आणि मशीनच्या प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलीने हलक्या हाताने तारीख लिहा, सोबत कोण होतं तेही लिहा, आणि डब्यात काय नेलं होतं तेही.