वाडीत शिरण्याआधी

वादळानंतर कोकणात पहिल्यांदाच मदतीला निघालायस, म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मीही करवत घेऊनच धावलो होतो. एका काकूंच्या वाडीतल्या, म्हणजे बागेतल्या, आडव्या झालेल्या पोफळी (सुपारीची झाडं) आम्ही दुपारपर्यंत कापून रचून टाकल्या. भरपाईसाठी पंचनाम्याला माणसं आली, तर मोजायला झाडंच नव्हती. काकू काही बोलल्या नाहीत, उलट कोकम सरबत पुढे केलं. तो घोट अजून घशात अडकतो.

म्हणून आधी रस्ता मोकळा कर, वाडीला हात लावू नकोस. पडलेल्या प्रत्येक झाडाचा फोटो काढ, मालकाला शेजारी उभं करून. सातबारा भिजला असेल तर अलगद सावलीत वाळत घाल.

आणि गावातलं दुकान उघडलं असेल तर मुंबईहून तांदूळ, ताडपत्री नेऊ नकोस. तिथेच घे, रोखीने. वीज नसते, मोबाईलवरून पैसे जात नाहीत. जेवायलाही तिथल्याच खानावळीत. पोफळ नव्याने लावली की सुपारी धरायला ५-६ वर्षं तरी जातात, तोवर बऱ्याच घरांची चूल पर्यटकांच्या खोल्यांवर चालते. तेव्हा दिवाळीत परत जा, पैसे देऊन राहा, घरच्यांनाही ने.