इंग्लंडला गेल्यावर डॉक्टरचा ताण कमी होतो का?

छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूटीने जीव मेटाकुटीला आला आहे, तेव्हा इंग्लंडला आल्यावर तरी सुटका होईल का, असे आपण विचारले आहे. प्लॅब (परदेशी डॉक्टरांना द्यावी लागणारी परीक्षा), जीएमसी (डॉक्टरांची नोंदणी आणि चौकशी करणारी इथली परिषद) आणि व्हिसा यांची माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर मिळेल. गुड स्टँडिंगच्या, म्हणजे आपल्याविरुद्ध कारवाई नसल्याच्या, एका दाखल्यापायी मी घातलेले हेलपाटे आठवले की आजही माझे डोके तापते, एवढेच सांगतो.

तासांचा प्रश्न इथे बराचसा सुटतो. प्रशिक्षणार्थींच्या करारात आठवड्याची सरासरी 48 तासांची आणि शिफ्ट जास्तीत जास्त 13 तासांची असते. मात्र नवख्याला बहुधा ट्रस्ट ग्रेडची, म्हणजे प्रशिक्षणात न मोडणारी, रुग्णालयाची नोकरी मिळते आणि तिथे हे नियम जसेच्या तसे असतीलच असे नाही, म्हणून करार नीट वाचावा. एकटेपणाचा फार बाऊ करू नये. वरणभात लावता आला की निभते.

खरा ताण तक्रार झाल्यास होणाऱ्या चौकशीच्या भीतीचा असतो. जीएमसीची चौकशी चालू असताना 2005 ते 2013 या काळात 28 डॉक्टरांनी आत्महत्या केली किंवा तसा संशय होता, असे जीएमसीच्याच 2014 च्या अहवालात नमूद आहे. माझ्याविरुद्धच्या तक्रारीची ईमेल शुक्रवारी संध्याकाळी आली. व्हिसा नोकरीला बांधलेला, मुलाची शाळा नुकतीच सुरू झालेली. शनिवार-रविवार मी तीच ईमेल न्हाणीघराचे दार लावून पुन्हापुन्हा वाचत होतो आणि आईला फोनवर ‘सगळे छान’ म्हणत होतो. तक्रार निकालात निघाली, पण ज्या सहकाऱ्याने ती न बोलता नोंदवली त्याच्याशी मला अजूनही धड बोलता येत नाही.

पुढे एका वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी प्रॅक्टिशनर हेल्थ या सेवेकडे गेलो. इंग्लंडमधल्या डॉक्टरांसाठीची ही मानसिक आरोग्याची सेवा गोपनीय असून तिथे स्वतःहून जाता येते. घरी, पुण्याला, हे अद्याप कोणालाही ठाऊक नाही.

केवळ मानसिक आजार असल्याने डॉक्टरची नोंदणी जात नाही. त्याचा रुग्णसेवेवर परिणाम होत असेल तरच जीएमसीला कळवावे लागते. आपल्या गोळ्या चालू असतील तर प्रवासाच्या घाईत त्या बंद करू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडून औषधांच्या नावांसह पत्र घ्या आणि पोहोचल्याबरोबर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा.