विद्यापीठाच्या मल्टिमीडिया लॅबमध्ये शिकवण्याचं साहित्य करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाची मल्टिमीडिया लॅब आठवड्यातून दोन तास मिळणार आहे, कॅमेरा किंवा एडिटिंगचा अनुभव नाही, आणि सगळ्या सत्राची व्याख्यानं रेकॉर्ड करावीत असं मनात आहे. व्याख्यानं रेकॉर्ड करू नका, असं मी कळकळीने सांगेन. वर्गात शिकवताना जे मागच्या बाकापर्यंत पोहोचतच नाही, तेवढंच लॅबमध्ये करा.

मी रसायनशास्त्र शिकवते. अनुमापनात (आम्लात अल्कली मोजून मिसळण्याच्या प्रयोगात) ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचनळीतून, अल्कली थेंब थेंब सोडताना फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा रंग कुठल्या थेंबाला पालटतो, हे साठ मुलांच्या तुकडीला एका टेबलाभोवती उभं करून दाखवता येत नाही. पुढच्या पाच-सहा जणांना दिसतं, बाकीचे माना उंचावत राहतात. मग स्वतः करताना फ्लास्क गर्द गुलाबी होईपर्यंत तोटी उघडी ठेवतात आणि वाचन चुकतं. मल्टिमीडिया लॅबमध्ये मॅक्रो लेन्स होती, अगदी जवळून बारीक गोष्ट मोठी दाखवणारी. फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली, दिवा बाजूने लावला, आणि हलवल्यावरही न जाणारा तो फिका गुलाबी रंग, जिथे थांबायचं असतं, पडदाभर दिसला. दीड मिनिटाची ती क्लिप मला आजवर सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे.

दुसरी क्लिप ब्युरेटच्या वाचनाची. तिथे कॅमेराच विद्यार्थ्याचा डोळा झाला. आधी द्रवाच्या पातळीच्या वरून, मग खालून, मग बरोबर पातळीत, असे तीन शॉट घेतले. वरून बघितलं की ब्युरेटचं वाचन खऱ्यापेक्षा कमी दिसतं, खालून बघितलं की जास्त. फळ्यावर आकृती काढून हे मी कितीतरी वर्षं सांगत होते, पण सांगणं आणि दिसणं यात फार अंतर आहे. तुमचा विषय कुठलाही असो, अशा जागा असतातच: हस्तलिखितातलं एखादं वळण, नकाशावरचा उतार, सूक्ष्मदर्शकाखालची पेशी. आधी कागदावर त्या दहा जागा लिहून काढा.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारी सोय) ऑटोवर ठेवू नका, हे मात्र आधीच सांगून ठेवते. माझ्या पहिल्या शॉटमध्ये फ्लास्क गुलाबी होऊ लागला तसा कॅमेरा आपणहून तो गुलाबीपणा कमी करत गेला. जे शिकवायचं तेच पुसलं गेलं, आणि ते मला घरी गेल्यावर कळलं. राखाडी कार्ड समोर धरून व्हाइट बॅलन्स एकदा ठरवायचा आणि लॉक करायचा. फोकस आणि एक्स्पोजरचंही तसंच. लॅबमधल्या तंत्रज्ञांना हे दोन मिनिटांचं काम असतं, फक्त नेमकं काय दिसायला हवं ते आपण त्यांना सांगावं लागतं.

अनुभव नसेल तर चित्र आणि आवाज वेगवेगळे करा. एका दिवशी फक्त हातांचं काम चित्रित करायचं, तोंडाने काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी आवाजाच्या खोलीत बसून, चित्र समोर चालवून, निवेदन द्यायचं. बोलण्यात अडखळलात तरी शॉट वाया जात नाही, आणि उद्या त्याच चित्रावर दुसऱ्या भाषेतलं निवेदनही चढवता येतं. माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरपा. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, नंतर खोलीची घरघर काढायला तीच लागते. कॉलरवर माइक लावणार असाल तर गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. त्याच्या दोरीच्या घासण्याने माझा एक तास पूर्ण निकामी झाला होता.

व्हिडिओ किती लांबीचा असावा, असंही तुम्ही विचारलंय. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत लोकांनी व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास मांडला. व्हिडिओ कितीही मोठा असो, बघण्याच्या वेळेचा मध्यक (निम्मे त्याहून कमी, निम्मे जास्त) जेमतेम सहा मिनिटं होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला जास्त मोलाची वाटते: महागड्या स्टुडिओतल्या चित्रणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून बोलतोय असं साधं चित्रण मुलं जास्त वेळ बघत होती. म्हणून ग्रीन स्क्रीन, फिरणारी अक्षरं, सुरुवातीचं संगीत यावर तुमचे दोन तास घालवू नका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतूनही हेच दिसतं की विषयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट शिकण्याच्या आड येते, आणि चित्राबरोबर निवेदन चालू असताना तीच वाक्यं पडद्यावर छापली तर लक्ष फाटतं. पडद्यावर फक्त आकडा, नाव, बाण एवढंच असू द्या.

सबटायटल मात्र वेगळी फाइल म्हणून नक्की द्या. ज्याला हवीत तो चालू करेल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तोच एक रस्ता आहे. आपोआप तयार होणारी सबटायटल पारिभाषिक शब्दांची पार वाट लावतात, म्हणून एकेक ओळ स्वतः वाचून दुरुस्त करा. ‘मागच्या तासाला’, ‘यंदाच्या परीक्षेत’, ‘चौथ्या प्रकरणात’ असले शब्द निवेदनात येऊ देऊ नका, नाहीतर अभ्यासक्रम बदलला की चांगली क्लिप बाद होते.

लॅबच्या संगणकावर काहीही सोडून येऊ नका. बऱ्याच ठिकाणी ते ठरावीक दिवसांनी साफ करतात. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) चित्रण केलं तर तासाला साधारण २२ जीबी होतात, त्या हिशोबाने स्वतःची हार्ड डिस्क न्या, आणि तयार व्हिडिओसोबत एडिटिंगची प्रोजेक्ट फाइल व मूळ फुटेजही घ्या. इंटरनेटवरून उचललेली चित्रं टाळा. स्वतः काढलेली किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (इतरांना वापरायला मुभा दिलेली), श्रेय देऊन वापरा, म्हणजे पुढे दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना तुमचं साहित्य बिनधास्त वापरता येईल.

पहिल्या दोन तासांत एकच क्लिप करा. ती दोन-तीन विद्यार्थ्यांना दाखवा आणि आवडली का असं न विचारता त्यांना तेच काम हाताने करायला लावा. माझी मुलं फिका रंग ओळखायला शिकली होती, पण फ्लास्क हलवायचा थांबवत होती, कारण क्लोजअपमध्ये माझा हात दिसतच नव्हता. तो शॉट मी पुन्हा घेतला, मनगट दिसेल इतका लांबून.