ॲप अडलं की रीसेट नको, आधी बिघाड शोधा

प्रश्न : आमचा स्मार्ट टीव्ही सात वर्षं जुना आहे. परवा दिवसभर वीज नव्हती. आल्यापासून टीव्हीवरचं व्हिडिओ ॲप ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढंच दाखवतं. फोनवर तेच ॲप घरच्या वायफायवर छान चालतं. टीव्ही रीसेट मारू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : इतक्यात नको. रीसेटने सगळी लॉगिनं, वायफायचा पासवर्ड, चॅनेलांची मांडणी पुसली जाते आणि मूळ दोष तसाच राहू शकतो.

आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करून ॲप पुन्हा लावा. वायफायची खूण दिसते, पण त्यातून इंटरनेट येत नसतं आणि फोन गुपचूप डेटावर चालत असतो, असं पुष्कळदा होतं. डेटा बंद करूनही चाललं तर इंटरनेट आणि सर्व्हर दोन्ही ठीक आहेत, दोष टीव्हीत आहे.

तुमच्या बाबतीत पहिला संशय घड्याळावर. वीज बराच वेळ गेली की काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं, कधी कधी थेट काही वर्षं. ॲप सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतं आणि त्यावर मुदतीच्या दोन तारखा असतात. टीव्हीच्या लेखी आज २०१८ साल असेल, तर अलीकडे दिलेलं प्रमाणपत्र त्याला अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. मग तो जोडणीच नाकारतो. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ ‘ऑटो’वर ठेवा. तरी चूक दिसली तर हाताने भरा. टाइम झोन +५:३० आहे ना, तेही बघा.

तारीख बरोबर असेल तर टीव्ही खरोखरच बंद करा. रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता डुलकी घेत असतो. प्लग काढा, टीव्हीवरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मिनिटभर थांबा. राउटरही बंद करून आधी तो लावा. त्याचे दिवे स्थिर झाले की मगच टीव्ही.

तेवढ्यानेही भागलं नाही तर ॲपची कॅशे, म्हणजे त्याने तात्पुरती साठवलेली माहिती पुसा, मग ॲपचा साठवलेला डेटा. डेटा पुसल्यावर पुन्हा लॉगिन करावं लागतं, पासवर्ड हाताशी ठेवा. जुन्या टीव्हीत साठवण जेमतेम असते. ती भरली की ॲप अपडेट होत नाही, म्हणून न लागणारी ॲप काढून टाका. तुमचं ॲप नेटफ्लिक्स असेल तर एक खास वाट आहे. रिमोटचे बाण या क्रमाने दाबा : वर, वर, खाली, खाली, डावा, उजवा, डावा, उजवा, मग वर चार वेळा. साइन आउट आणि डिॲक्टिव्हेटचा पडदा उघडतो. (लहानपणी व्हिडिओ गेम खेळलेल्यांना या क्रमाची सुरुवात ओळखीची वाटेल.)

शेवटची शक्यता म्हणजे ॲपनेच जुन्या टीव्हीची साथ सोडली. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१९मध्ये काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर असंच केलं होतं. तसं असेल तर नवा टीव्ही घेऊ नका. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक घेतली की पडदा पुढची काही वर्षं कामाला येतो.

प्रश्न : प्लॅन १०० एमबीपीएसचा, तरी रात्री नऊनंतर चक्र फिरत राहतं. मोठा प्लॅन घ्यावा का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैसे वाया जातील. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस पुरतात. रात्री नऊला दोनदा वेग मोजा, एकदा राउटरशेजारी आणि एकदा टीव्हीशेजारी. राउटरशेजारीच कमी भरला तर गर्दी लाइनवर आहे. आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन कंपनीकडे तक्रार करा. फक्त टीव्हीजवळ कमी भरला तर दोष वायफायचा. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्खी बिल्डिंग बसलेली असते. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर घ्या. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर तोही गळपटतो, तिथे सरळ लॅन केबल ओढा. आणि राउटर लोखंडी कपाटामागे असेल तर आधी तो बाहेर काढा.

प्रश्न : लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला की आवाज येतो, चित्र काळं. — एक वाचक, म्हापसा

उत्तर : ही बहुधा एचडीसीपीची, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाची अडचण. मधला स्प्लिटर किंवा अडॅप्टर काढून केबल थेट लावा, टीव्हीचं दुसरं पोर्ट वापरून बघा. स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही बंद करा.

प्रश्न : बँकेने नवं डेबिट कार्ड दिल्यापासून वर्गणी कापली जात नाही, ॲप बंद पडलंय. — एक वाचक, इंदूर

उत्तर : ऑटोपेची परवानगी जुन्या कार्डावर होती. खात्याच्या पानावर नवं कार्ड भरा आणि ओटीपी देऊन परवानगी नव्याने नोंदवा. मात्र कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामट्यांचे नंबर सापडतात. ॲपमधल्या ‘हेल्प’मधूनच संपर्क करा. रिफंडसाठी यूपीआय पिन किंवा स्क्रीन शेअर मागितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.