अंदाजपत्रकाचं पान पुन्हा लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे पाठवायचा तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांची आर्थिक फसवणूक कशी रोखायची, हा विषय चांगलाच आहे. 'पांढरपेशी गुन्हेगारी', म्हणजे प्रतिष्ठित माणसांनी आपल्या कामाच्या आडून केलेले गुन्हे, ही संज्ञा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड यांनी 1939 मध्ये मांडली, यावर मात्र दोन पानं कशाला? दोन ओळी पुरेत. खरी गोम अंदाजपत्रकात आहे. निम्मे पैसे जनजागृती शिबिरं, बॅनर आणि चहा-नाश्त्यावर!

माझीच फजिती सांगतो. अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात मी प्रश्नावली घेऊन गेलो होतो. 'तुमची कधी फसवणूक झाली का?' घरोघरी एकच उत्तर, 'नाही.' मी आपला खुणा करत गेलो. तिसऱ्या खेपेला एका आजींनी पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याखाली, कॅरीबॅगेत गुंडाळलेली, बुडालेल्या पतसंस्थेची ठेव पावती. घड्यांवर पार चिरलेली. पैसे नेणारा एजंट सख्खा पुतण्या. "घरचंच लेकरू हाय बाबा, त्याचं नाव कसं घ्यावं?"

तेव्हा प्रश्नच बदल. पैसे कोणाच्या हाती दिले? सही करताना शेजारी कोण होतं? बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं होतं का? आणि त्याच एजंटला ज्यांनी दारातून परत पाठवलं, त्यांना आवर्जून गाठ. त्यांना विचारल्याशिवाय शीर्षकात 'प्रतिबंध' हा शब्द घालू नकोस. ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा आहे, मालमत्ता जप्त करता येते. पण ती पैसे गेल्यानंतरची गोष्ट. 1930 हा क्रमांक ऑनलाइन फसवणुकीसाठी. पुतण्यासाठी कुठला क्रमांक फिरवायचा?

पैसे माग ते तिसऱ्या खेपेसाठी: एसटीचं भाडं, मुक्काम, तिथली बोली बोलणाऱ्या दोघींचं मानधन. दोघी अशासाठी की एकीनं सुनेला ओसरीवर गप्पांत गुंतवायचं, तेव्हा कुठे आजी आत मोकळं बोलतात. आणि एखादी पतसंस्था प्रायोजक व्हायला पुढे आली, तर चहा घे आणि नमस्कार करून ऊठ.

रविवारी सकाळी ये. शिबिरांचा आकडा खोडूनच ये.

तुझा,
सर